जंगलातले ज्यू पार्टिझन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दुसऱ्या महायुद्धात नाझींच्या ताब्यातल्या पूर्व युरोपात हजारो ज्यू घेट्टोतून, म्हणजे नाझींनी ज्यूंना कोंडून ठेवलेल्या वस्त्यांतून, निसटून जंगलात गेले. तिथे ते लढले, लपले आणि काहींनी चक्क गावं वसवली. या विषयावर मराठीत फार थोडं वाचायला मिळतं आणि जे मिळतं त्यात पराक्रमाच्या गोष्टींवरच भर असतो. इथे भर आहे तो ते जगले कसे, कशावर आणि कुठे काय बिघडलं यावर.

पार्टिझन म्हणजे नेमकं कोण?

शत्रूने व्यापलेल्या प्रदेशात राहून, नियमित सैन्याबाहेर, छोट्या तुकड्यांनी लढणारा माणूस. गनिमी कावा हा शब्द आपल्याला जवळचा आहे आणि पद्धतही बरीचशी तीच: रात्री हल्ला, पहाटेपूर्वी पसार, मुक्काम अशा ठिकाणी की मोठ्या फौजेला घुसता येणार नाही. सोव्हिएत भागात अशा तुकडीला 'ओत्रियाद' म्हणत. अनेक ओत्रियाद मिळून एक ब्रिगेड होत असे.

ज्यू पार्टिझनांची गोष्ट मात्र एका मूलभूत बाबतीत वेगळी होती. बेलारूसी किंवा रशियन पार्टिझनाला गावात घर असे, आईवडील असत, आजारी पडला तर लपायला मावशीचा गोठा असे. ज्यू पार्टिझनाच्या मागे काहीच उरलेलं नसे. घर दुसऱ्याने घेतलेलं, घरचे बहुधा गावाबाहेरच्या खड्ड्यात. पार्टिझनांचं सगळं तंत्र स्थानिक आधारावर उभं असतं आणि तो आधारच त्यांना नव्हता.

असे किती जण होते?

सर्वमान्य अंदाज २०,००० ते ३०,००० लढणाऱ्यांचा आहे. त्यातले बहुतेक आजच्या बेलारूस, लिथुआनिया, पश्चिम युक्रेन आणि पूर्व पोलंडमध्ये होते. याशिवाय ज्यांच्या हातात बंदूक नव्हती, पण जे जंगलातल्या 'कुटुंब छावण्यां'मध्ये राहून वाचले, असे सुमारे १०,००० जण धरले जातात. हे आकडे अंदाजाचेच राहणार, कारण अनेकांनी सोव्हिएत तुकड्यांत आपली ज्यू ओळख लपवली आणि अनेक जण नाव नोंदलं जाण्याआधीच मेले.

मग सगळेच जंगलात का नाही गेले?

हा प्रश्न सर्वांत जास्त विचारला जातो आणि विचारताना त्यात नकळत एक आरोप मिसळलेला असतो. उत्तर नीट द्यायला हवं.

पहिली अडचण वेळेची. जर्मनीने सोव्हिएत संघावर २२ जून १९४१ रोजी हल्ला केला. पूर्वेकडच्या ज्यूंची सामूहिक कत्तल त्याच उन्हाळ्यात सुरू झाली आणि १९४२ संपेपर्यंत बहुतेक छोटी घेट्टो पुसली गेली होती. सोव्हिएत पार्टिझनांची मध्यवर्ती यंत्रणा मात्र मॉस्कोत ३० मे १९४२ रोजी स्थापन झाली आणि जंगलात तिची पकड बसायला १९४३ उजाडलं. म्हणजे ज्या काळात ज्यूंना जंगलाची सर्वाधिक गरज होती, त्या काळात जंगलात त्यांना घेणारं जवळपास कुणी नव्हतं. हा कालक्रम लक्षात ठेवला की अर्ध्या शंका आपोआप मिटतात.

दुसरी अडचण सामूहिक शिक्षेची. विल्ना (आजचं लिथुआनियातलं विल्नियस) इथल्या घेट्टोतून जुलै १९४३ मध्ये योसेफ ग्लाझमनच्या नेतृत्वाखाली एक गट जंगलाकडे निघाला. वाटेत तो जर्मन दबा धरून बसले होते तिथे सापडला. मेलेल्यांची ओळख पटताच जर्मनांनी घेट्टोत येऊन त्यांच्या घरच्यांना आणि कामाच्या गटप्रमुखांना उचललं आणि ठार मारलं. आपण गेलो तर आई मारली जाईल हे माहीत असताना विशीतला मुलगा काय करेल? अनेक जण आई गेल्यावरच निघाले. म्हणून जंगलात पोहोचलेल्यांमध्ये एकटे उरलेले तरुण इतके जास्त दिसतात.

तिसरी अडचण भूगोलाची. वॉर्सा किंवा लोद्झमधून मोठं, दाट जंगल जवळ नव्हतं. नालिबोकी, रुद्निकी, नारोच, पार्चेव ही जंगलं ज्यांच्या चालण्याच्या टप्प्यात होती, त्यांनाच हा पर्याय खुला होता. त्यातही तीन वर्षांचं मूल किंवा सत्तरीतले वडील घेऊन रात्रीत तीस किलोमीटर चालायचं होतं, उणे वीसच्या थंडीत, पायात फाटके बूट घालून.

घेट्टोतून बाहेर कसं पडत?

जागेनुसार वाट वेगळी. बेलारूसमधल्या मिन्स्क घेट्टोला भिंत नव्हती, काटेरी तारांचं कुंपण होतं. कामावर जाणाऱ्या रांगेतून सटकणं किंवा रात्री तारेखालून सरपटणं तिथे शक्य होतं. शहरातल्या बिगरज्यू भूमिगत गटांशी तिथल्या लोकांचे धागे जुळले होते आणि लहान मुलं वाटाड्याचं काम करत. मिन्स्कमधून सुमारे १०,००० जण जंगलाकडे निसटले असं मानलं जातं, मात्र त्यातले पुष्कळ वाटेत किंवा नंतर मारले गेले. विल्नाच्या लढवय्यांनी सप्टेंबर १९४३ मध्ये घेट्टो रिकामं केलं जात असताना गटारांतून वाट काढली. लाख्वा या छोट्या गावात ३ सप्टेंबर १९४२ रोजी लोकांनी स्वतःच घेट्टोला आग लावली, कुऱ्हाडी आणि रिकाम्या हातांनी पहारेकऱ्यांवर धाव घेतली. सुमारे हजार जण कुंपणापार गेले. युद्धाअखेर त्यातले शंभरही हयात नव्हते.

सर्वांत बारकाईने आखलेली सुटका आजच्या बेलारूसमधल्या नोवोग्रुदोकची. तिथल्या न्यायालयाच्या इमारतीत कारागीर ज्यूंची शेवटची श्रमछावणी होती. १९४३ च्या उन्हाळ्यात त्यांनी एका बराकीतल्या झोपायच्या फळ्यांखालून बोगदा खणायला घेतला. माती पिशव्यांत भरायची, लाकडी रुळांवरच्या छोट्या गाड्याने मागे आणायची आणि माळ्यावर व दुहेरी भिंतींच्या पोकळीत दडवायची. छत कोसळू नये म्हणून सुतारकामाच्या शेडमधल्या फळ्या लपवून आणल्या. एका विजेच्या कारागिराने आत दिवेही ओढले. बोगद्याचं तोंड कुंपणापलीकडच्या उभ्या पिकात निघायचं होतं. पण शेताची कापणी झाली, आडोसा गेला आणि बोगदा आणखी पुढे न्यावा लागला. लांबी शेवटी सुमारे २०० मीटर भरली.

२६ सप्टेंबर १९४३ च्या वादळी रात्री सुमारे २५० जण एकामागोमाग एक आत शिरले. पत्र्याच्या छपराचे खिळे आधीच सैल केले होते, म्हणजे वाऱ्यात पत्रे वाजतील आणि पावलांचा आवाज दबेल. चूक झाली ती दुसऱ्या टोकाला. उजेडातून एकदम काळोखात आलेल्या माणसांची दिशा चुकली. काही जण पळता पळता पुन्हा छावणीच्या बाजूलाच गेले आणि गोळीबारात सापडले. तरीही निम्म्याहून अधिक लोक वाचले.

जंगलात पोहोचलं की प्रश्न मिटला का?

नाही. तिथून दुसरा सुरू होई. बहुतेक सोव्हिएत तुकड्या रिकाम्या हाताने आलेल्याला घेत नसत. रायफल आण, मग बोलू. स्त्रिया, मुलं आणि चाळिशीच्या पुढचे पुरुष यांना तर सरळ परत पाठवत आणि परत जायला जागाच नव्हती. काही तुकड्यांतल्या ज्यूद्वेष्ट्यांनी आलेल्यांना लुटलं, बूट काढून घेतले, कधी मारूनही टाकलं. युद्धकैदेतून पळालेले लाल सैन्यातले (सोव्हिएत) शिपाई, साहसी गावकरी, खरे लढवय्ये आणि निव्वळ दरोडेखोर अशी सगळी सरमिसळ १९४२ च्या जंगलात होती. कोणती टोळी भेटेल हे नशिबावर.

शस्त्रं मिळवायची कुठून?

मुख्य वाटा तीन होत्या. १९३९ आणि १९४१ मध्ये पराभूत होऊन मागे गेलेल्या पोलिश आणि सोव्हिएत सैनिकांची हत्यारं शेतकऱ्यांनी पुरून ठेवली होती. ती पैशांत, सोन्यात, कपड्यांत किंवा धमकीने मिळत. दुसरी वाट म्हणजे घेट्टोतले जे मजूर जर्मनांच्या जप्त शस्त्रांच्या कोठारात कामाला होते, ते एकेक भाग चोरून आणत. बोल्ट आज, नळी पुढच्या आठवड्यात, औजारांच्या पेटीच्या दुहेरी तळात. तिसरी वाट छापे घालून जर्मनांच्या हाताखालच्या पोलिसांकडून हिसकावण्याची. १९४३ नंतर मोठ्या ब्रिगेडना विमानांतून पुरवठा होऊ लागला, पण तो झिरपत ज्यू तुकडीपर्यंत यायला वेळ लागे.

खरी डोकेदुखी काडतुसांची. पोलिश आणि जर्मन माउझर रायफलींना ७.९२ मिलिमीटरचं एकच काडतूस चाले, सोव्हिएत मोसिनला मात्र ७.६२ चं वेगळं लागे. चार जणांच्या गटात दोन जातींच्या रायफली असल्या की एकाची काडतुसं संपल्यावर शेजाऱ्याची उपयोगी पडत नसत. जमिनीत पुरलेल्या रायफलींचे बोल्ट गंजून अडकत आणि ओलसर काडतूस ऐन वेळी फुसकं निघे. लपवायला सोपी जावी म्हणून नळी कापून आखूड केलेली रायफल, म्हणजे 'ओब्रेझ', सर्रास दिसे. ती कोटाखाली मावत असली तरी थोड्या अंतरापलीकडे नेम लागत नसे.

हिवाळ्यात राहत कुठे?

'झेम्ल्यांका' नावाच्या जमिनीत खणलेल्या घरात. थोडी उंचवट्याची, कोरडी जागा निवडायची, कारण त्या दलदलीच्या मुलखात मीटरभर खणलं की पाणी लागतं. घराचा बराचसा भाग जमिनीखाली ठेवायचा. बाजूंना ओंडके रचायचे, वर ओंडक्यांचंच उतरतं छप्पर, त्यावर फांद्या, माती आणि शेवटी शेवाळ. काही जण छपरावर फर जातीची छोटी सूचिपर्णी झाडंही लावत. आत दोन्ही बाजूंना झोपायला फळ्यांचे कट्टे, त्यावर गवत किंवा फरच्या डहाळ्या आणि मधल्या बोळात चूल. एका झेम्ल्यांकेत वीस, तीस, कधी चाळीस माणसं.

बिघडायचं कुठे? चुलीच्या धुराने. दिवसा धूर झाडांच्या वर उठला की टेहळणी विमानाला दिसे, म्हणून मोठी आग रात्रीच. कच्च्या लाकडाने आत एवढा धूर कोंडे की डोळे सुजत. वसंतात बर्फ वितळलं की तळात पाणी भरे आणि सगळी जागाच बदलावी लागे. सर्वांत घातक ठरत त्या पाऊलखुणा. ताज्या बर्फावर एकाच माणसाने विहिरीपर्यंत काढलेली वाटसुद्धा अख्खी छावणी दाखवून देई. म्हणून सगळ्यांनी एकाच ओळीत, पुढच्याच्या पावलात पाऊल टाकून चालायचं, शेवटच्याने फांदीने माग पुसायचा आणि शक्यतो हिमवर्षाव सुरू असतानाच बाहेर पडायचं.

खायला काय मिळे?

बटाटे, राय या धान्याची काळी भाकरी, कधी मटण, जंगलातली बेरी आणि अळंबी. मिठाची कायम टंचाई. अन्न आणायला आठ-दहा जणांचा सशस्त्र गट रात्री दूरच्या गावात जाई. छावणीजवळच्या गावाला हात लावायचा नाही हा कडक नियम, कारण तिथला एक नाराज शेतकरी पोलिसांकडे गेला की सगळं संपलं. गाई हाकून आणताना मागे माग राहतो, म्हणून परतताना ओढ्यातून किंवा वेड्यावाकड्या वाटेने यावं लागे.

शेतकऱ्याच्या बाजूनेही हे पाहायला हवं. दिवसा जर्मन धान्य उचलून नेत, रात्री पार्टिझन. ज्याने दिलं त्याचं घर जर्मन जाळत, ज्याने दिलं नाही त्याच्यावर पार्टिझन बंदूक रोखत. उपासमारीतून आलेली ही जबरदस्ती होती, पण जबरदस्तीच होती. ती लपवून या इतिहासाचा मान वाढत नाही.

आजारपणाचं काय?

टायफस हा सगळ्यात मोठा शत्रू, तो उवांमधून पसरे. उपाय ठाऊक होता: कपडे उकळायचे किंवा गरम भट्टीत टांगायचे, अंग गरम पाण्याने धुवायचं, रुग्णाला वेगळ्या झेम्ल्यांकेत ठेवायचं. पण ज्याच्याकडे एकच सदरा आहे त्याने तो वाळेपर्यंत काय घालायचं? म्हणून वाफेचं न्हाणीघर असलेल्या छावण्या तगल्या आणि नसलेल्यांत रोग फिरत राहिला. खरूज तर जवळजवळ प्रत्येकाला. बोटं हिमदंशाने काळी पडली की ती कापणं हाच इलाज आणि भुलेच्या औषधाच्या जागी व्होडका.

बिएल्स्की छावणीबद्दल इतकं का बोललं जातं?

कारण तिने लढण्यापेक्षा वाचवण्याला पहिलं स्थान दिलं आणि ते जमवून दाखवलं.

तुविया, असाएल आणि झुस हे बिएल्स्की बंधू नोवोग्रुदोकजवळच्या स्तान्केविची या खेड्यातल्या गिरणीवाल्याची मुलं. डिसेंबर १९४१ च्या कत्तलीत आईवडील गेल्यावर ते ओळखीच्या जंगलात शिरले, धाकटा आरोनही सोबत. खेड्यात वाढल्यामुळे वाटा, शेतकरी, बोली सगळं अंगवळणी. शहरी ज्यूंकडे हे नव्हतं. तुवियाने ठरवलं की येईल त्याला घ्यायचं: म्हातारी, मूल, आजारी, शस्त्र असो वा नसो. या निर्णयाला त्याच्याच माणसांचा विरोध होता. जास्त तोंडं म्हणजे जास्त छापे, जास्त माग, जास्त धोका, असा त्यांचा हिशोब आणि तो चुकीचा नव्हता. तुविया हटला नाही. उलट, घेट्टोत वाटाडे पाठवून लोकांना बाहेर आणवलं.

१९४३ च्या शरदात नालिबोकी जंगलात कायमची छावणी उभी राहिली. मधून एक रस्ता आणि दोन्ही अंगांना कार्यशाळा: चांभार, शिंपी, सुतार, लोहार, घड्याळं दुरुस्त करणारे, बंदुका नीट करणारे, कातडी कमावणारे. शिवाय पिठाची गिरणी, बेकरी, न्हाणीघर, दवाखाना, सुमारे साठ मुलांची शाळा, प्रार्थनास्थळ, न्यायालय आणि कैदखानासुद्धा. लोक तिला जंगलातलं जेरुसलेम म्हणत.

या कार्यशाळांमागे पक्का हिशोब होता. आजूबाजूच्या सोव्हिएत तुकड्यांना बूट, खोगिरं आणि दुरुस्त केलेल्या रायफली लागत. त्या बदल्यात पीठ, गाई, काडतुसं मिळत आणि त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे संरक्षण. फुकटे ज्यू असा ठपका ठेवणाऱ्या कमांडरचेच बूट इथे शिवले जात असल्यावर छावणी मोडून टाकायचं त्याच्या मनात येईना. जून-जुलै १९४४ मध्ये लाल सैन्य आलं तेव्हा १,२३० हून अधिक माणसं या जंगलातून चालत बाहेर पडली. त्यातले बहुसंख्य स्त्रिया, मुलं आणि वृद्ध. तीन वर्षांत गमावलेले सुमारे पन्नास.

मिन्स्कमधून पळालेल्या शोलोम झोरिननेही याच जंगलात अशीच कुटुंब छावणी चालवली. तिचं नाव कमी ऐकू येतं, काम मात्र त्याच तोलाचं.

जर्मनांनी जंगलात शिरून शोध घेतला नाही का?

घेतला. जुलै-ऑगस्ट १९४३ मध्ये 'हेरमान' नावाच्या मोहिमेत हजारो सैनिकांनी नालिबोकीला वेढा घातला. बिएल्स्की गटातले शेकडो लोक तेव्हा दलदलीच्या पोटात असलेल्या एका कोरड्या बेटाकडे निघाले. एका ओळीत, छातीएवढ्या चिखलपाण्यातून, मुलं खांद्यावर घेऊन. मागचा हरवू नये म्हणून दोर आणि पट्टे धरलेले. रात्री झोपेत पाण्यात घसरू नये म्हणून काहींनी स्वतःला झाडांना बांधून घेतलं. बरोबरचं धान्य थोड्याच दिवसांत संपलं आणि चूल पेटवता येत नव्हती.

वेढा उठला तेव्हा एक अनपेक्षित गोष्ट घडलेली होती. पार्टिझनांचा आधार तोडायला जर्मनांनी आसपासची गावं जाळून माणसं हाकलून नेली होती. शेतात पीक मात्र उभंच. तेच कापून आणून छावणीने पुढचा हिवाळा काढला. त्या पिकामागे हुसकावलेल्या शेतकऱ्यांचं दुःख होतं, हेही विसरू नये.

प्रत्यक्ष लढाई कशी असे?

समोरासमोरची क्वचितच. टेलिफोनच्या तारा तोडणं, खांब कापणं, पूल जाळणं, पोलिस चौकीवर छापा, फितुराला शिक्षा आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे रेल्वे. पूर्व आघाडीचा सगळा पुरवठा थोड्या रेल्वेमार्गांवरून जात असे. पाच-सहा जणांचा गट दोन-तीन रात्री चालून रुळापर्यंत पोहोचे, गस्तीच्या फेऱ्या मोजे आणि मधल्या वेळात सुरुंग पुरे. उकरलेली खडी कापडावर काढून ठेवायची, कारण ताजी माती इतस्ततः दिसली की गस्तवाला ओळखतो. विल्नाजवळ १९४२ च्या उन्हाळ्यात विटका केम्पनरने घेट्टोतून बाहेर पडून जागा हेरली आणि गाडी उडवली, तेव्हा तिथे अजून कुणाला अशी सवयच नव्हती. जून १९४४ मध्ये सोव्हिएत 'बाग्रातिऑन' आक्रमणाच्या तोंडावर बेलारूसभर पार्टिझनांनी एकाच रात्री हजारो ठिकाणी रूळ उडवले. त्यात ज्यू पार्टिझनही होते.

डॉ. येहेझकेल आटलस या तरुण डॉक्टरच्या तुकडीने १० ऑगस्ट १९४२ रोजी देरेचिन गावच्या जर्मन ठाण्यावर हल्ला केला. तुकडीतल्या बहुतेकांचे नातलग थोड्याच दिवसांपूर्वी तिथे मारले गेले होते. आटलस स्वतः त्याच वर्षी डिसेंबरमध्ये लढताना पडला.

स्त्रियांचा वाटा किती?

ज्यू पार्टिझनांमध्ये साधारण दहा टक्के स्त्रिया होत्या असं मानलं जातं. निरोप पोहोचवणं, शस्त्रं आत-बाहेर करणं आणि लोकांना घेट्टोतून आणणं या कामांत त्या पुढे होत्या. रस्त्यात अडवलेल्या पुरुषाची ज्यू म्हणून ओळख सुंतेवरून पटे, स्त्रीची तशी पटत नसे. हे कारण व्यवहाराचं होतं. लढाऊ तुकड्यांत मात्र अनेकींना स्वयंपाक आणि धुणं यांतच अडकवलं गेलं. एकट्या स्त्रीला संरक्षणासाठी एखाद्या सशस्त्र पुरुषाशी जोडून घ्यावं लागे, हेही वास्तव.

फाये शुलमन हिचं उदाहरण जवळून पाहण्यासारखं आहे. ती लेनिन नावाच्या गावातली छायाचित्रकार. १४ ऑगस्ट १९४२ रोजी तिथल्या घेट्टोतल्या सुमारे १,८५० ज्यूंना मारलं. उपयोगाच्या म्हणून जिवंत ठेवलेल्या थोडक्यांत ती होती. जर्मनांनी तिला कत्तलीची फिल्म धुवायला दिली. धुताना एका फोटोत तिला आपलेच घरचे खंदकात दिसले. तिने त्याची एक प्रत गुपचूप काढून ठेवली. पुढे पार्टिझनांनी गावावर छापा घातला, त्यांच्याबरोबर ती जंगलात गेली आणि जनावरांच्या डॉक्टरच्या हाताखाली परिचारिका झाली. फांद्यांच्या टेबलावर शस्त्रक्रिया होत. नंतरच्या छाप्यात तिने आपला कॅमेरा परत आणला. फिल्म रात्री पांघरुणाखाली धुवायची आणि कागदावर छाप उन्हात काढायची. तिने टिपलेले शंभरावर फोटो आज उपलब्ध आहेत. ज्यू पार्टिझनांचे इतके आतले फोटो दुसऱ्या कुणाकडून फारसे आलेले नाहीत.

सोव्हिएत पार्टिझनांनी ज्यूंच्या स्वतंत्र तुकड्या मान्य केल्या का?

तत्त्वतः नाही. तुकड्या राष्ट्रीयत्वानुसार नव्हे तर सोव्हिएत प्रजासत्ताकानुसार असाव्यात असं धोरण होतं. नारोच जंगलात ज्यूंची 'नेकामा' म्हणजे 'सूड' या नावाची तुकडी सप्टेंबर १९४३ मध्ये मोडली गेली आणि अनेकांची शस्त्रं काढून घेतली. लगेच जर्मन शोधमोहीम आली तेव्हा निःशस्त्र झालेले लोक मोठ्या संख्येने मारले गेले. ग्लाझमनही त्याच काळात पडला. रुद्निकी जंगलात विल्ना घेट्टोतल्या लढवय्यांचा नेता अब्बा कोव्हनर आणि त्याच्या लोकांनी मात्र व्यवहारात ज्यू तुकड्या टिकवल्या. बिएल्स्कींनी नाव 'कालिनिन' घेतलं, कमिसारला (पक्षाने नेमलेल्या राजकीय अधिकाऱ्याला) जागा दिली, कागदोपत्री सगळं सोव्हिएत केलं आणि आतून छावणी आपल्या पद्धतीने चालवली. आमच्या मते तुवियाचं सर्वांत मोठं कौशल्य बंदुकीपेक्षा या वाटाघाटीत होतं.

पार्टिझनांनी निरपराधांना मारलं, हे खरं का?

काही घटना नोंदलेल्या आहेत. ८ मे १९४३ रोजी सोव्हिएत पार्टिझनांनी नालिबोकी गावात सुमारे १२८ पोलिश रहिवासी मारले. बिएल्स्की गट त्यात होता असा आरोप झाला, पण तो सिद्ध झालेला नाही. २९ जानेवारी १९४४ रोजी कोन्युखी गावावर झालेल्या हल्ल्यात किमान ३८ गावकरी मेले. त्या हल्ल्यातल्या सोव्हिएत तुकड्यांमध्ये ज्यू पार्टिझन होते. दुसऱ्या बाजूला पोलिश गृहसेनेच्या, म्हणजे पोलंडच्या भूमिगत सैन्याच्या, काही तुकड्यांनी जंगलातल्या ज्यूंना मारलं, तर काही पोलिश आणि बेलारूसी कुटुंबांनी जीव धोक्यात घालून त्यांना लपवलं. या मुलखात कुणा एका समाजाला सरसकट एक बिल्ला लावता येत नाही.

वॉर्सा घेट्टोचा उठाव यात येतो का?

तो सशस्त्र प्रतिकार होता, पण पार्टिझन युद्ध नव्हतं. १९ एप्रिल ते १६ मे १९४३ दरम्यान शहरातच, तळघरांतून लढलेली ती लढाई. वाचलेले काही लढवय्ये गटारांतून बाहेर पडून पुढे विश्कूव्हच्या जंगलात गेले, तेवढ्यापुरते धागे जुळतात. सोबिबोरच्या मृत्युछावणीतून १४ ऑक्टोबर १९४३ च्या बंडात सुटलेला अलेक्सांद्र पेचेर्स्की पुढे पार्टिझनांना जाऊन मिळाला.

हे सगळं पूर्व युरोपातच घडलं का?

मुख्यतः हो, पण फक्त तिथेच नाही. युगोस्लाव्हियात टिटोच्या पार्टिझनांत हजारो ज्यू होते, मोशा पियादे तर नेतृत्वात. तिथे त्यांना वेगळी तुकडी लागली नाही, कारण ज्यू म्हणून दारातून परत पाठवलं जात नव्हतं. स्लोव्हाकियात ऑगस्ट १९४४ च्या उठावात ज्यू लढले. फ्रान्समध्ये स्थलांतरित कामगारांच्या शहरी गटांत अनेक ज्यू होते.

बेल्जियममधली १९ एप्रिल १९४३ ची घटना फार साध्या साधनांची आहे. मेखेलेनहून ऑशविट्झच्या मृत्युछावणीकडे १,६०० हून अधिक ज्यूंना नेणारी विसावी गाडी युरा लिवशिट्स या ज्यू डॉक्टरने दोन मित्रांसह थांबवली. साहित्य: एक पिस्तूल, पकडी आणि लाल कागद लावलेला कंदील. चालकाला तो धोक्याचा सिग्नल वाटला. एका डब्याचं दार उघडून त्यांनी १७ जणांना बाहेर काढलं. गाडी पुढे निघाल्यावर इतर डब्यांतूनही लोक उड्या मारत राहिले. एकूण २३० हून अधिक जणांनी प्रयत्न केला, ११८ जण कायमचे निसटले. लिवशिट्सला १९४४ मध्ये गोळ्या घातल्या.

युद्धानंतर त्यांचं काय झालं?

जंगलातून बाहेर येताच अनेक पुरुषांना लाल सैन्यात भरती करून थेट आघाडीवर पाठवलं. असाएल बिएल्स्की तसाच १९४५ मध्ये पूर्व प्रशियात पडला. बाकीचे गावी परतले तर घरात दुसरेच राहत होते. बहुतेक पुढे पॅलेस्टाइन किंवा अमेरिकेला गेले. बाराशेंहून अधिक माणसांना वाचवणाऱ्या तुवियाने न्यूयॉर्कमध्ये ट्रक चालवून संसार केला आणि १९८७ मध्ये तो वारला.

महाराष्ट्राशी याचा काही संबंध आहे का?

थेट नाही. कोकणातल्या बेने इस्रायल समाजाला या संहाराची झळ पोहोचली नाही. पण एक भौगोलिक धागा आहे. कोल्हापूरजवळ वळिवडे इथे १९४३ पासून सुमारे ५,००० पोलिश निर्वासित राहिले. त्यातले अनेक याच सीमाप्रदेशातले, विल्ना, नोवोग्रुदोक, वोलिनियाकडचे होते. त्यांना १९४०-४१ मध्ये सोव्हिएत राजवटीने सायबेरिया आणि मध्य आशियात हद्दपार केलं होतं. त्यामुळे वळिवड्याच्या आठवणी वाचताना ओळखीची गावं भेटतात.

नावं शोधताना गोंधळ का होतो?

कारण प्रत्येक गावाला चार भाषांत चार नावं आहेत. विल्ना, विल्नो आणि विल्नियस एकच. नोवोग्रुदोकला पोलिशमध्ये नोवोग्रुदेक, बेलारूसीत नावाह्रुदाक आणि यिद्दिशमध्ये नोवारदोक म्हणतात. कोन्युखी आज लिथुआनियात कान्युकाई आहे. माणसांचंही तेच. फाये शुलमनचं माहेरचं नाव फायगेल लाझेब्निक, म्हणून जुन्या नोंदींत ती त्या नावाने सापडते. एखाद्या व्यक्तीचा माग काढायचा असेल तर आधी गावाची सगळी नावं कागदावर लिहा, मग आडनावाची पोलिश, रशियन आणि हिब्रू रूपं करा, आणि तुकडीचं नाव मिळालं तर त्याची सोव्हिएत आणि ज्यू अशी दोन्ही नावं तपासा. 'कालिनिन' एवढंच शोधलं तर त्या नावाच्या कितीतरी तुकड्या समोर येतील. सोबत 'बिएल्स्की' आणि 'नालिबोकी' हे दोन शब्द जोडले की नेमकी यादी हाताला लागते.